रोज एक ओबोल

सोमवार, रात्र

जेवणं आटोपल्यावर लिसिअसचं, म्हणजे प्राचीन अथेन्समधल्या भाषणं लिहून देणाऱ्या लेखकाचं, ते छोटं भाषण पुन्हा काढलं. अपंग माणसाचं. इसवी सनापूर्वी 400 च्या सुमाराचं, एका बैठकीत सहज वाचून होतं. अथेन्समधला एक कारागीर, दोन काठ्यांवर चालणारा, त्याला नगराच्या तिजोरीतून रोज एक ओबोल मिळे. सहा ओबोलचा एक द्राख्मा, आणि त्या काळात देवळाच्या बांधकामावरच्या कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राख्मा. म्हणजे एका ओबोलात पोट भरायचं नाव नको. पण तेवढाही कुणाच्या तरी डोळ्यांवर आला. एका नागरिकाने तक्रार केली: हा माणूस धडधाकट आहे, घोड्यावर बसतो, धंदा करतो, पैसेवाल्यांत ऊठबस आहे; भत्ता बंद करा.

कायदा साधा होता. ज्याची मालमत्ता 3 मिनांपेक्षा, म्हणजे 300 द्राख्मांपेक्षा कमी आणि अंगात काम करायची ताकद नाही, त्याची तपासणी 500 जणांच्या मंडळाने करायची आणि भत्ता मंजूर करायचा. अॅरिस्टॉटलच्या नावावरच्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात हे नमूद आहे. तिथे रक्कम दोन ओबोल आहे, म्हणजे मधल्या काळात वाढ झालेली. मंडळातले 500 जण दहा जमातींतून प्रत्येकी 50 असे चिठ्ठ्या टाकून निवडलेले, एका वर्षापुरते. शेतकरी, व्यापारी, कुणीही. त्यांच्यापुढे उभं राहायचं आणि आपण खरंच लंगडे आहोत हे पटवून द्यायचं.

आपल्याकडे दाखल्यावर टक्के लिहितात, 40 च्या वर की खाली. मामाला तपासणीला नेलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी ‘जरा चालून दाखवा’ म्हटलं आणि मामा ऐटीत, नेहमीपेक्षा बराच बरा चालला. चार लोकांसमोर लंगडायचं कसं, म्हणे. बाहेर आल्यावर मात्र चेहरा पडला. अथेन्सच्या कारागिराची अडचण नेमकी हीच, आणि त्याने त्यातून काढलेली वाट मला फार आवडते: तो लाचार होतच नाही. थट्टा करतो.

तो म्हणतो, घोड्याचं म्हणाल, तर ऐपत असती तर मऊ खोगिराचं खेचर पाळलं असतं, दुसऱ्यांचे घोडे मागून कशाला बसलो असतो? आणि खेचरावर बसलेला पाहून हा गृहस्थ गप्प बसला असता. शिवाय मी दोन काठ्या वापरतो, इतर लोक एक. मग दोन काठ्या हा माझ्या ताकदीचा पुरावा आहे असं तो का नाही म्हणत? मी धडधाकट ठरलो, तर नऊ आर्खनांच्या, म्हणजे नगराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या, चिठ्ठ्यांत माझंही नाव टाका, आणि माझा ओबोल काढून या बिचाऱ्याला द्या!

पैशाच्या आरोपावरचं उत्तर तर अथेन्सच्या कायद्याशिवाय कळतच नाही. नाटकांच्या उत्सवात कोरसचा, म्हणजे नाचगाणाऱ्या ताफ्याचा, खर्च श्रीमंत नागरिकावर टाकत. ज्याच्यावर तो पडे, तो दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणू शके: हा माझ्याहून श्रीमंत आहे, खर्च याने करावा, नाहीतर आमची सगळी मालमत्ता अदलाबदल करा. आपला माणूस म्हणतो, उद्या माझ्यावर शोकांतिकेचा खर्च पडला आणि मी या तक्रारदाराला अदलाबदलीचं आव्हान दिलं, तर तो दहा वेळा कोरस उभा करील, पण माझ्या चीजवस्तूंना एकदाही हात लावणार नाही.

त्याच्या दुकानात गुंड जमतात असाही आरोप होता. अत्तरवाल्याकडे, न्हाव्याकडे, चांभाराकडे, तुम्ही सगळेच कुठे ना कुठे जाऊन बसता, तो सांगतो. अगोऱ्याच्या, म्हणजे बाजारचौकाच्या, जवळच्या दुकानात जास्त, लांबच्या दुकानात कमी. म्हणजे दुकान हा त्यांचा कट्टाच. एवढ्या दोन-तीन वाक्यांत शहराची दुपार दिसते. जाडजूड इतिहासग्रंथांत ती मला इतकी स्वच्छ कधी दिसली नाही.

एक खोडसाळ शंका मात्र मनातून जात नाही. अथेन्समध्ये वकील नसत. प्रत्येकाने स्वतः बोलायचं, फार तर पैसे देऊन भाषण लिहून घ्यायचं. लिसिअस हा त्यातला नावाजलेला लेखक. रोज एका ओबोलावर जगणाऱ्याला तो परवडला कसा? श्रीमंत मित्रांनी खर्च केला असेल, तर तक्रारदाराचं म्हणणं थोडं खरंच की! माझ्या मते गडी अगदीच निराधार नव्हता. तरी माझं मत मी त्यालाच दिलं असतं.

लिसिअस स्वतः परका रहिवासी. बाप सिराक्यूजचा, घरचा ढालींचा कारखाना. इसवी सनापूर्वी 404 मध्ये लोकशाही मोडून सत्तेवर आलेल्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी त्याच्या भावाला, पोलेमार्कसला, विष प्यायला लावलं. हा शेजारच्या मेगारा शहरात निसटला. लोकशाही परत आली तेव्हा त्याला नागरिकत्व देण्याचा ठराव झाला, पण तो आधी 500 च्या मंडळापुढे न येता थेट सभेत आला होता, म्हणून रद्द. आणि त्याच मंडळापुढे एका नागरिकाचा ओबोल वाचवायला शब्द मात्र याचे.

एका विनोदावर मी हसले आणि मग अडकले. कारागीर म्हणतो, हा माझ्या पंगुत्वावर असा दावा सांगायला आलाय, जणू ती वारस मुलगी आहे. ज्या मुलीचा बाप गेला आणि भाऊ नाही, तिच्यावर बापाच्या मिळकतीसकट जवळच्या पुरुष नातलगाचा हक्क असे. दोघांनी दावा केला की निवाडा कोर्टात, तिला न विचारता. 500 पुरुषांना ही उपमा चटकन कळली असणार.

त्याची आईही येते, एका ओळीपुरती: मरेपर्यंत तिला पोसलं. ही नुसती माया नव्हे. आईबापांना न सांभाळणाऱ्याचे नागरिकाचे हक्क जात, म्हणून ते वाक्य तिथे असणं गरजेचं होतं. माया नव्हतीच असं मात्र मी म्हणणार नाही.

उद्या एराटोस्थेनिसच्या खुनाचं भाषण काढते. तेही लिसिअसचंच. नवरा बायकोच्या प्रियकराला मारल्याचं कबूल करतो आणि कायद्याने ते योग्यच होतं असं सांगतो. बायकोचं नाव त्यात कुठे येत नाही, आणि साक्षीला तिला बोलवायची कायद्यात सोय नव्हती.