लाल दिसलं, पण कुठे?

प्लेट रीडरचे, म्हणजे पेशींतून येणारा उजेड मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे सकाळीच हातात आले. नवं संयुग दिलेल्या लीशमॅनियात (काळ्या आजारासारखे रोग करणारा एकपेशीय परजीवी) मायटोसॉक्स या रंगाची लाल चमक कंट्रोलपेक्षा, म्हणजे संयुग न दिलेल्या पेशींपेक्षा, खूपच जास्त होती. सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप, आणि हा रंग ते दाखवतो असं धरतात. सर खूश. "मायटोकॉन्ड्रियात सुपरऑक्साइड साठतंय, परजीवी त्यानेच मरतोय. पाचवी फिगर झाली!" आमच्या क्षेत्रातली ही जुनी सवय आहे. कुठलंही संयुग घ्या, मायटोसॉक्स टाका, लाल झालं की 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' लिहून मोकळे व्हा.

मला फक्त फिगरसाठी एक फोटो काढायचा होता.

प्रोमॅस्टिगोट, म्हणजे या परजीवीचं पोहणारं रूप, फोटोला उभा राहत नाही. पुढची कशाभिका, चाबकासारखा धागा, वळवळत त्याला ओढून नेते. काचेला पेशी चिकटवणारं पॉलीलायसिन लावायचं, पेशी हलक्या स्पिनने खाली बसवायच्या आणि जिवंत आहेत तोवर बघून घ्यायचं. जोडीला डीएनए रंगवणारा होक्स्ट टाकला की दोन निळे ठिपके दिसतात. मोठा ठिपका केंद्रकाचा. छोटा, ठसठशीत ठिपका कशाभिकेच्या बुडाशी, तो कायनेटोप्लास्ट, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए. या परजीवीला मायटोकॉन्ड्रिया एकच, पण अंगभर जाळीसारखा पसरलेला. संयुग न दिलेल्या पेशींत लाल रंग त्या जाळीवरच होता, फिकट. संयुग दिलेल्या पेशींत जाळी जवळपास गायब आणि केंद्रक लालभडक.

मायटोसॉक्सवर धन प्रभार असतो, म्हणून तो मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरच्या विद्युत्‌दाबाने आत खेचला जातो. ऑक्सिडाइझ झाल्यावर त्याचं इथिडियमच्या जातीचं रसायन होतं, आणि ते डीएनएला चिकटलं की जास्त चमकतं. दाब कोसळला की रंग सुटतो, केंद्रकात शिरतो, आकडा वाढतो. त्यासाठी सुपरऑक्साइड वाढायलाच हवं असं नाही. (इथिडियम ब्रोमाइड हे गुरांच्या ट्रिपॅनोसोमवरचं जुनं औषध, होमिडियम नावाने. मोजमापासाठी आपण परजीवीला त्याच्याच विषाचा भाऊबंद पाजतो.)

एफसीसीपी देऊन पाहिलं, ते दाबच पाडतं. हुबेहूब तेच चित्र. मग हा दाब दाखवणारा टीएमआरएम रंग लावला, तर आमच्या संयुगानेही दाब पाडलेला. आणि ज्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात आरओजीएफपी2 हा सेन्सर, म्हणजे ऑक्सिडेशन झालं की चमक बदलणारं प्रथिन, बसवलंय, त्यांत 405 आणि 488 नॅनोमीटरच्या उजेडाने उठणाऱ्या चमकेचं गुणोत्तर कंट्रोलला धरून होतं. ऑक्सिडेशन करणारं डायअमाइड दिल्यावर तेच गुणोत्तर झटकन वर गेलं, म्हणजे सेन्सर झोपलेला नव्हता.

ज्युनिअरने विचारलं, "मग प्लेट रीडर काय मोजत होता?" एवढा नेमका प्रश्न आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये क्वचितच कुणी विचारतं. प्लेटच्या खळग्यातून किती उजेड आला एवढंच त्या यंत्राला कळतं. तो पेशीत कुठून आला, हे नाही.

सर म्हणाले, "रिव्ह्यूअर मायटोसॉक्सच मागतात." खरं आहे, आणि तेच दुखणं आहे.

पण मीही सगळं मिटलं असं म्हणू शकत नाही. आरओजीएफपी2 थायॉल-डायसल्फाइडचा तोल, म्हणजे गंधकाचे गट किती ऑक्सिडाइझ झालेत ते, सांगतं, सुपरऑक्साइड नाही. ऑक्सिडेशन आवरणारी नेहमीची एन्झाइमं, कॅटलेज आणि ग्लुटाथायोन रिडक्टेज, लीशमॅनियाकडे नाहीत. सगळा भार ट्रायपॅनोथायोन या त्याच्या खास रेणूवर. मायटोकॉन्ड्रियात लोहयुक्त डिसम्यूटेज सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतो, आणि ते ट्रायपॅरेडॉक्सिन पेरॉक्सिडेज निस्तरतो, असं पुस्तकी चित्र. त्या पेरॉक्सिडेजचंही 2011 मध्ये लीशमॅनिया इन्फँटममध्ये वेगळंच निघालं. त्याचं जनुक काढल्यावर परजीवी जगला, पण उंदरांत संसर्ग करण्याची ताकद गेली. ती ताकद पेरॉक्सिडेजचं काम न करणाऱ्या रूपानेही परत आणली, कारण खरं काम प्रथिनांना सांभाळण्याचं होतं. तेव्हा थोडं सुपरऑक्साइड बनून लगेच निस्तरलं जात असेल, तर माझा सेन्सर गप्पच राहील.

सुपरऑक्साइडची खूण असलेलं मायटोसॉक्सचं 2-हायड्रॉक्सी रूप वेगळं काढायला एचपीएलसी, म्हणजे रसायनं वेगळी करणारं यंत्र, लागतं. ते दुसऱ्या विभागात आहे, आणि तिथली रांग पेपरच्या तारखेपलीकडे जाते. नमुने गोठवून ठेवलेत. तोवर फिगरच्या मथळ्यावरून आमचं जुंपलेलंच आहे. सरांना 'आरओएस' (सुपरऑक्साइडसारखी ऑक्सिजनची क्रियाशील रूपं) हवंय, मी 'पटलाचा दाब कोसळणे' याच्यापुढे एक शब्द लिहायला तयार नाही.