पैसे तयार होते, विश्वस्त हयात नव्हते

आमच्या गावच्या वाचनालयाचा पत्रा गळतो, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. शासनाचं अनुदान येतं, पण सगळ्यात खालच्या 'ड' वर्गातल्या वाचनालयाला मिळून मिळून मिळणार किती? वर्तमानपत्रांची बिलं, थोडी नवी पुस्तकं आणि ग्रंथपालाचं मानधन भागवलं की कुलपाला तेल घालण्यापुरतं उरतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर सचिवपद माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा जवळच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला आमचा एक वाचक म्हणाला, "काकू, आमच्या कंपनीकडे सीएसआरचा, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा असतो. अर्ज टाका की."

मी कायदा वाचून काढला. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते, तीही आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य देऊन. सातव्या परिशिष्टातल्या कामांच्या यादीत तर 'सार्वजनिक ग्रंथालये' असं चक्क लिहिलंय. मला वाटलं, आता काय, झालंच काम.

कंपनीतल्या बाईंनी कागदांची यादी पाठवली. आयकर खात्याकडच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला लागणारी सीएसआर-१ नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्तांची अद्ययावत यादी. हिशेब आम्ही दरवर्षी तपासून घेत होतो, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. विश्वस्तांच्या यादीसाठी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-१ चा, म्हणजे संस्थेच्या तिथल्या नोंदीचा उतारा काढला. वर आमचा एफ नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, खाली सात नावं. त्यातले पाच देवाघरी गेलेले. सहावे पिंपरीला मुलाकडे असतात, त्यांना आपण विश्वस्त आहोत हेच आठवेना. सातवे आमचे अध्यक्ष अण्णा, वय ८१. शेवटची नोंद १९९६ ची!

म्हणजे दर पाच वर्षांनी निवडणूक झाली, हारतुरे झाले, पेढे वाटले, फक्त विश्वस्त बदलल्याचं कळवणारा फेरफार अहवाल धर्मादाय कार्यालयात कोणी दाखल केला नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यायचा असतो. आमचा उशीर वीस वर्षांच्या पुढचा. शिवाय मधली एखादी निवडणूक गाळून चालत नाही. आधीची कार्यकारिणी नोंदीवर येते तेव्हाच पुढचीचा मार्ग मोकळा होतो. वकील म्हणाले, "प्रत्येक निवडणुकीचा वेगळा अहवाल आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज. प्रोसिडिंग बुकं आहेत ना?"

सभांच्या इतिवृत्तांची ती बुकं दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागे सापडली. एकाची कड वाळवीनं खाल्लेली, दुसऱ्यात २००६ च्या ठरावावर कपाचा गोल डाग आणि त्या गोलात माझ्या सासऱ्यांची सही. मग मृत्यूचे दाखले गोळा करत फिरले. एका विश्वस्तांचं नाव आमच्या नोंदीत हाक मारायचं आणि दाखल्यावर पाळण्यातलं, म्हणून त्यांच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र लागलं. त्याच्या आईनं मला चहा दिला आणि म्हणाली, "मेल्यावरसुद्धा यांच्या मागची मीटिंग सुटली नाही बघा."

यात चौदा महिने गेले. दोष कोणाला द्यायचा? बुकातल्या सह्या आमच्याच.

त्या काळात प्रस्ताव मात्र तीनदा लिहिला. पहिला मीच लिहिला होता, 'ज्ञानाची गंगा घरोघरी' छापाचा, चार पानी. बाईंनी फोनवर शांतपणे विचारलं, "मॅडम, रोज किती मुलं येतात? वीजबिल पुढे कोण भरणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दाराशी एक शंभर पानी वही ठेवली. येताना वेळ, जाताना वेळ, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांनी पाहिलं तर मुलगे रात्री नऊपर्यंत बसत होते आणि मुलींच्या नावांपुढे जाण्याची वेळ एकजात साडेपाच-सहा. विचारलं तर एकीनं खाली बघत सांगितलं, "काकू, इथं संडास नाही ना." वीस वर्षं मी त्या वाचनालयात जातेय, पण मला घर चार पावलांवर. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मागणीचा क्रम त्या दिवशी बदलला. आधी स्वच्छतागृह, मग पत्रा आणि इन्व्हर्टर, टेबल-खुर्च्या शेवटी.

जागा ग्रामपंचायतीची, म्हणून नमुना ८ चा, म्हणजे मालमत्ता नोंदीचा उतारा आणि ग्रामसभेचा ठराव जोडला. दरपत्रकं तीन हवी होती, तीही जीएसटी क्रमांकासह. गावातला सुतार हाताचा इतका चांगला, पण त्याचा हिशेब सिगारेटच्या पाकिटावर. खुर्च्या शेवटी तालुक्याहून आणल्या. तो अजून माझ्याशी तुटक बोलतो.

फेरफार मंजूर झाले, मग १२ए आणि ८०जी, मग अण्णांची डिजिटल सही काढून सीएसआर-१. जानेवारीत बाईंचा फोन आला, "मार्चच्या आत काम होईल का?" वर्षभर थंड असलेल्यांना अचानक घाई! कंपनीला वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा असतो, हे तोवर मला कळलं होतं. मी हो म्हटलं आणि गवंड्याला गाठायला धावले. मंजूर झाले ४ लाख ६० हजार. निम्मे आधी, उरलेले, पैसे ठरल्या कामालाच लागले असा सीएंचा विनियोग दाखला दिल्यावर.

या जूनमध्ये नवी कार्यकारिणी निवडून आली. पेढे वाटायच्या आधी मी सगळ्यांकडून संमतीपत्रांवर सह्या घेतल्या आणि बाविसाव्या दिवशी फेरफार अहवाल दाखल केला. पोचपावती लॅमिनेट करून घेतली. अण्णा म्हणाले, सरस्वतीच्या फोटोशेजारी लाव. मी ती संडासाच्या किल्लीच्या खिळ्यालाच अडकवलीय, रोज नजरेला पडते.