टेकायला दांडा

वायर खांद्यावरून मागे सोडायची. विजेवर चालणारं, माती खणायचं बारकं टिलर घरात आलं की पहिला धडा हा. माती वगैरे नंतर. वाफा कुठल्या टोकाकडून धरायचा हे मातीवर ठरत नाही, प्लग कुठल्या खिडकीत आहे त्यावर ठरतं. प्लगच्या बाजूनं सुरू करून लांब लांब जायचं, म्हणजे वायर झालेल्या कामावर पडून राहते, पात्यांच्या तोंडात जात नाही. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडायचं, गुंडाळलेलं राहिलं तर तापतं. १४०० वॉटचं यंत्र आहे, दोन मिक्सरांची वीज ओढतं. शिवाय खिडकीत नवरा. तो बटणावर बोट ठेवून उभा असतो आणि थोड्या थोड्या वेळानं ओरडतो, "बंद करू का?" विजेची वस्तू मुळात बंद करण्यासाठीच असते, अशी त्याची जन्मभराची समजूत आहे.

आमच्याकडे ह्या टिलरला सगळे बारका रोटर म्हणतात. शेतात ट्रॅक्टरमागे रोटर मारतात ना, त्याचं हे शेंडेफळ. कमरेनं राजीनामा दिल्यावर घेतलं. तोवर मागचा वाफा मी कुदळीनं करत होते, आणि हौसेनं करत होते.

सांगलीतली काळी माती. ही माती तुमच्या सोयीनं वागत नाही. वाळली की तिच्यावर रोटर नुसता उड्या मारतो, ओली असली की पात्यांना लाडू बांधते आणि चप्पल ठेवून घेते. मधले थोडेच दिवस वाफसा. मूठभर माती दाबायची, कमरेच्या उंचीवरून सोडायची. गोळा पडून फुटला तर प्लग लावायचा. तसाच बसला तर चहा करून घ्यायचा. परतीचा पाऊस उघडला आणि ऑक्टोबरातल्या एका दुपारी गोळा फुटला. मेथी-पालकाची वेळ झालीच होती.

अर्धा वाफा झाला आणि मी रोटर बंद केला. काही झालं नव्हतं. जरा दम लागला होता, जरा वारा सुटला होता, म्हणून थांबले. लगेच कुंपणापलीकडून आवाज आला, "काय काकू, बंद पडलं का?" नाही म्हटलं. तो गेला. मग दूधवाला. "बंद पडलं व्हय?" मग कोपऱ्यावरचे निवृत्त इंजिनिअर, तेही फाटक उघडून आतच आले. यंत्राभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "मोटरीचा कार्बन गेला असणार."

"अहो, ते चांगलं आहे. मी थांबलेय."

त्यांनी यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "का?"

ह्याचं उत्तर मला देता आलं नाही. कुदळ हातात असताना हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी ठेवून मी ह्याच वाफ्यात पाव पाव तास उभी राहिलेली आहे. रस्त्यानं जाणारे म्हणायचे, "काकूंचं काम चाललंय." आता मी यंत्राशेजारी उभी राहिले की यंत्र बिघडलेलं असतं. बंद यंत्राशेजारचा माणूस विसावा घेत असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

टेकणं मी मामाकडून उचललं. आजोळ भिलवडीच्या बाजूला, कृष्णेकाठी. नदीच्या गाळाची मळी, आणि तिच्यात वांगी. कृष्णाकाठच्या वांग्याबद्दल मी काही सांगत बसत नाही, ज्यांनी खाल्लीत त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही. घरामागे रोपांचे वाफे असायचे, आणि ते मामा खणायचा. तळहातावर थुंकून हात चोळायचे, पंधरावीस घाव घालायचे, मग कुदळ रोवायची, डावा हात दांड्यावर आणि उजवा कमरेवर. अर्धा विठोबा. तसा उभा राहून तो नदीकडे बघायचा. नदीत बघण्यासारखं काही नसायचं. मी विचारायची, काय बघतोस? तो म्हणायचा, "काय न्हाई." मग परत घाव. त्याचा वाफा खणून व्हायला अख्खी सकाळ जायची आणि त्यातली निम्मी सकाळ तो टेकलेला असायचा. पण संध्याकाळी "आज वाफं खणलं" एवढंच सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. टेकणं त्या खणण्यातच धरलेलं होतं.

आम्हा मुलींना कुदळ मिळत नसे. आम्हाला खुरपं. खुरप्याला टेकता येत नाही. आई, मामी, शेजारणी ओळीनं बसून खुरपत पुढे सरकायच्या आणि त्यांचा विसावा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कळायचंच नाही. त्या हातानं काम करत तोंडानं विसावा घ्यायच्या. मला मात्र उभ्यानं, दांड्यावर, नदीकडे बघत टेकायचं होतं. ते पुरं व्हायला शाळेतली नोकरी संपून घरामागे वाफा करण्याइतका वेळ मिळावा लागला. तोपर्यंत नदी लांब राहिली होती. मी पलीकडच्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या टाकीकडे बघत टेकायचे. तेवढंच समाधान मिळायचं.

रोटरलाही दांडा आहे. दोन्ही हातांत धरायला चांगली रबराची मूठ आहे. पण त्यावर भार टाकला की पुढचं तोंड वर येतं. आणि चालू असताना तर तो तुम्हाला ओढत नेतो. तुम्ही मागे खेचायचं, तो पुढे जाणार, ह्या ओढाताणीत माती खणली जाते. हातातल्या खटक्यावरची पकड सोडली की बंद. एकतर चालव, नाहीतर सोड. टेकायचा विचार करणाऱ्यानं हे यंत्र बनवलेलंच नाही. १९१२ साली ऑस्ट्रेलियात, न्यू साऊथ वेल्समधल्या गिलगँड्राजवळ, आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या पोरानं बापाच्या शेतावर वाफेवर चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या जोरावर फिरती पाती लावून पाहिली. माती चांगली भुसभुशीत व्हायची, पण बाजूला उडायची. मग त्यानं पात्यांना इंग्रजी एल अक्षराचं वळण दिलं आणि माती जागच्या जागी राहायला लागली. तेव्हा तो विशीच्या आतला होता. ह्या वयात कोणाला टेकावंसं वाटतं?

तशी आमच्या जिल्ह्याला नव्या अवजाराला नावं ठेवायची सोय नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं म्हणून शेतकरी त्याला शिवेनात. पुढे औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेच नांगर गावोगाव गेले. किर्लोस्करवाडीवरून जाणाऱ्या गाडीनं मी इतक्यांदा गेलेय की विषाची भाषा माझ्या तोंडी शोभणार नाही. शिवाय नांगर लोखंडाचा झाला तरी पुढे बैल होतेच. नांगराचं तास संपून बांधाला आलं की बैल थांबायचे, मग माणूस थांबायचा. मामा म्हणायचा, "बैलं दमली." बैल बिचारे शेपटी हलवत उभे. घाम मामाच्या कपाळावर.

बैलांचा हक्काचा दिवस बेंदूर. जमिनीचा नागपंचमी. आजीपुढे त्या दिवशी कोणाची टाप नव्हती. चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून जेवायला पुरणाची दिंडं. आणि जमिनीला ओरखडा काढायचा नाही, तुळशीतलं गवतसुद्धा उपटायचं नाही. नागपंचमीचं शिराळा आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा ह्या बाबतीत चेष्टा चालत नसे. ओडिशात म्हणे जूनच्या मध्याला रज नावाचा सण असतो आणि तीन दिवस जमिनीला अवजार लावत नाहीत. बायकाही कामातून मोकळ्या, झाडांना झोपाळे. हे समजल्यापासून आपल्या एका दिवसाच्या दिंडांवर आपली बोळवण झाली असं मला वाटतं. मी मात्र नागपंचमीला अजून रोटर काढत नाही. श्रद्धा म्हणाल तर तशी काही नाही. पण त्या दिवशी बंद यंत्राकडे बघून कोणी कार्बनचं नाव काढत नाही.

मुळात खणूच नका, असंही मला सांगून झालंय. नेरळला चंद्रशेखर भडसावळ्यांनी सगुणा पद्धतीनं भात करून दाखवलाच. नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. आणि डार्विननं १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की माणसानं नांगर शोधायच्या कितीतरी आधीपासून हे प्राणी जमीन नांगरताहेत, एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती त्यांच्या पोटातून जाते. गांडुळं टेकतात का ह्याबद्दल तो काही म्हणाला असेल तर माझ्या वाचनात नाही. सांगणाऱ्यांचं सगळं पटतं. पण सांगणाऱ्यांच्या वाफ्यात लव्हाळा नसावा. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात हे शाळेत पाठ केलं होतं. रोटरमधूनही ते वाचतात हे तिथे कोणी सांगितलं नव्हतं. कुदळीनं खणताना एकेक गाठ हाताला लागते, उचलून टाकता येते. रोटर त्या गाठी सुट्या सुट्या करून वाफाभर पसरतो. पंधरवड्यानं मेथीच्या आधी हेच वर येतात, हिरवेगार, एका ओळीत, रोटर जसा गेला तसे.

हरळी तर पात्यांच्या दांडीवर गुंडाळूनच घेते. मग प्लग काढायचा (आधी प्लग, मग हात, नवऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही), यंत्र आडवं करायचं, पाटावर बसायचं आणि जुन्या विळ्यानं ते वेटोळं कापत जायचं. वर ओली हिरवी हरळी, तिच्या आत पांढऱ्या मुळ्या, त्यात अडकलेली निळी नायलॉनची दोरी, सिमेंटच्या पोत्याचा सुतळीएवढा धागा, एकदा तर कोणाची तरी प्लॅस्टिकची केसांची पिन. ह्या कामात बसायला मिळतं म्हणून मला ते आवडतं. पण आडवं यंत्र, शेजारी पाटावर बसलेली बाई आणि हातात विळा हे दृश्य दिसल्यावर तर रस्त्यावरचे विचारतही नाहीत. नुसतं "च्च" करून जातात.

आता "खणायला माणूस मिळत नाही म्हणून मशीन घेतलं," असं मी सगळ्यांना सांगते. सगळेच असं सांगतात. माणूस मिळतो. आपण मनात धरलेल्या पैशात मिळत नाही, एवढंच.

आजोळीही मामा एकटाच खणायचा असं नाही. ऊस लागणीच्या दिवसांत त्याला वेळ नसला की गडी यायचा. मामापेक्षा दुप्पट खणायचा. त्याच्या कुदळीखाली ढेकळं उलटी पडत जायची आणि त्यांची ओली बाजू उन्हात चकाकायची. तोही मधे टेकायचा. माणूसच तो. आजी सोप्याच्या पायरीवर निवडायला तांदूळ घेऊन बसलेली असायची आणि तिचं अर्धं लक्ष तांदळात, अर्धं वाफ्यात. तो टेकला रे टेकला की तिचा आवाज चढायचा, "दांडा धराय आलायस का माती खणाय?" माझी आजी दुष्ट नव्हती. दुपारी त्याला भाकरी द्यायची, वर कालवण द्यायची, जाताना वांगी द्यायची. पण मामा नदीकडे बघत उभा राहिला की ती मला म्हणायची, "पोरगं दमलं गं, ताक नेऊन दे." तोच वाफा, तीच घरची कुदळ. ताकाचा तांब्या घेऊन मीच जायची, आणि गड्यावर ओरडा बसला की खुदकन हसायचीही मीच. तो काही न बोलता पुढचा घाव घालायचा. कशाकडे बघत होता, हे त्याला विचारायचं मला सुचलं नाही.

असो. उरलेला अर्धा वाफा आज उरकायला हवा. वाफसा उद्यापर्यंत टिकेल असं दिसत नाही, आणि मग पाणी सोडून परत चार दिवस गोळे दाबत बसावं लागेल.