फ्रुटाच्या बागेतला पाट

अमेरिकेतल्या युटा राज्यातली नॅशनल पार्कं बघत फिरतोय, आज ट्रिपचा पाचवा दिवस. सप्टेंबर लागला तरी दुपारचं ऊन नुसतं भाजून काढतंय. झायन झालं, ब्राइस झालं, काल टोरी गावाला मुक्काम आणि आज कॅपिटल रीफ. ब्राइसला तर आम्ही वेडेच झालो होतो, खडकाच्या फटीत पाणी शिरतं, रात्री त्याचा बर्फ होऊन फुगतो नि दगड फुटत जातो, त्यातून ते लाल-केशरी सुळके उभे राहिलेत, लेकीला हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. बाबा मात्र प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणून गाडीत जाऊन बसायचे. नाशिकहून एवढ्या लांब त्यांना उगाच आणलं की काय, असं सारखं वाटत होतं.

कॅपिटल रीफमधलं फ्रुटा म्हणजे उंच लाल कड्यांच्या मधे, फ्रीमाँट नदीकाठी एवढीशी हिरवी पट्टी. 1880 च्या दशकात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं इथे आली, पाट काढले, सफरचंद, पीच, जर्दाळू लावले. दहा-एक घरांचं गाव. 1971 ला नॅशनल पार्क झालं, वस्ती तर गेली पण झाडं पार्कवाले अजून सांभाळतात आणि पाणी अजूनही पाटानंच देतात.

बागेत शिरलो आणि बाबा एकदम म्हणाले, "थांब रे, पाट आहे." काठावर उकिडवे बसले, पाण्यात हात घातला, ओली माती चिमटीत घेऊन चोळून बघितली. "रेताड आहे, पाणी लगेच पिते ही, वरचेवर द्यावं लागत असणार." मग काडीनं मातीत रेघा ओढून नातीला दाखवलं दारं कसं मोडतात, एक वाफा भरला की माती ओढून पुढचा कसा धरायचा. लहानपणी रात्री कंदील घेऊन दारं धरायला जायचे म्हणे. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. शेती विकली तेव्हा मी चौथीत होतो, त्यानंतर घरात तो विषय निघालाच नाही.

बागेत बसून फळ खाल्लं तर पैसे नाहीत, न्यायचं तर वजन करून द्यायचे. बाबांनी आठ सफरचंदं घेतली, एकेक हातात फिरवून.

उद्या आर्चेस, अडीच तासांची ड्राइव्ह आहे, लवकर निघायचंय. आत्ता झोपताना बाबांनी विचारलं, रस्ता त्या बागेवरूनच जातो ना, सकाळी पाच मिनिटं थांबशील का.