आत्तीच्या गावचं पाणी

आज कर्नाटकातल्या अथणी तालुक्यात आत्तीकडं गेलो होतो. घागरीच्या तळाला पांढरा थर, नखानं खरवडला तरी निघेना. "बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही बघ," आत्ती म्हणाली. मग कॅन घेऊन दोघं आरओ घटकावर, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणाऱ्या यंत्रावर गेलो. नाणं टाकलं की गोड पाणी! लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतात, असं आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं.

पण मागच्या बाजूला पाइपातून खारं पाणी गटारीत वाहत होतं. पडदा मीठ नाहीसं करत नाही, उरलेल्या पाण्यात दाट करतो, आणि तेच पुन्हा जमिनीत मुरतं. बोअर तिथून वीस पावलांवर. जीव तुटला. निदान संडासाला, फरशीला वापरायला टाकी बांधा, म्हणून आत्ती उद्या पंचायतीत अर्ज देणार आहे. मी आत्ताच लिहून दिला, तिनं कन्नडमध्ये सही केली.