फ्री डिश बसवली आणि भूप नव्यानं भेटला

आईला मराठी चित्रपट हवे होते आणि दरमहा रिचार्ज नको होता. म्हणून फ्री डिश घ्यायचं ठरलं. प्रसारभारतीची ही उपग्रहावरून मोफत टीव्ही दाखवणारी सेवा २००४ पासून सुरू आहे. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्सचे एकदाच पैसे, पुढं काही नाही. बॉक्स मात्र एमपेग-४चाच, म्हणजे चित्र पाठवायच्या नव्या पद्धतीचा घ्या. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत.

छत्री आम्ही घरीच बसवली. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आमच्या साताऱ्याहून आग्नेयेला. त्या अंगाला झाड किंवा पाण्याची टाकी आड येता कामा नये. मी गच्चीवर, पुतण्या खाली टीव्हीसमोर, दोघं फोनवर. मेनूत दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी छत्री भलतीकडं असली तरी भरलेली दिसते; बघायची ती ‘क्वालिटी’. छत्री केसभर सरकवायची आणि थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल धरायला थोडा वेळ लागतो. “काका, आली! आता हलवू नका!” पुतण्या ओरडला, तसे नट आवळले. मग एलएनबी जागच्या जागी जरा फिरवला, क्वालिटी आणखी चढली. स्कॅन केलं आणि सह्याद्री लागली.

खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात, त्यामुळं यादी बदलत राहते. अधूनमधून पुन्हा स्कॅन करावं. चित्रपटात जाहिराती भरपूर. आईची तक्रार नाही, तेवढ्यात तिची भाजी निवडून होते.

माझा ठेवा निघाला रिमोटवरच्या रेडिओच्या बटणात. तिथं आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी आहे, २०१६ साली सुरू झालेली, चोवीस तास शास्त्रीय संगीत. नाट्यपदं आणि अभंगांवर वाढलेल्या माझ्या कानांवर कर्नाटक संगीत कधी नीट पडलंच नव्हतं. एका रात्री वीणेवर मोहनम् राग लागला आणि ऐकता ऐकता उमगलं, अरे, हा तर आपला भूप! सूर तेच, सा रे ग प ध. पण गमकांनी, म्हणजे सुरांच्या आंदोलनांनी, असे हेलावणारे की राग नव्यानं भेटल्यासारखा वाटला. पुढं हिंदोलम्‌मध्ये मालकंसाचे सूर सापडले. हंसध्वनी तर मुळात दक्षिणेचाच. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या गायक अमान अली खाँसाहेबांनी तो इकडं, हिंदुस्तानी संगीतात रुजवला. आता दोन्हीकडचा हंसध्वनी मी पाठोपाठ ऐकतो.

छत्री लावायची सोय नसेल, तर न्यूजऑनएअर ॲपवर ‘रागम’ फुकट ऐकता येते.