केस उपटायची सवय आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडणारी नोंद

केस उपटणं, खपल्या काढणं, पिंपल फोडत बसणं यावरचे ऑनलाईन सेल्फ-हेल्प प्रोग्रॅम पहिले काही दिवस सगळेच मन लावून करतात. रोज नोंद, रोज एक्सरसाईज, फोनला रिमाइंडर. मग एखाद्या रात्री हात डोक्यातून निघतच नाही, सकाळी उशीवर केस दिसतात आणि त्या दिवशी ॲप उघडायची इच्छाच होत नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं बंद. मला या जागेबद्दलच लिहायचंय, कारण टेक्निक कुठलं चांगलं हा प्रश्न नंतरचा.

ज्यांना हे अगदीच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. केस उपटायच्या आजाराला ट्रायकोटिलोमॅनिया हे नाव हालोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ मध्ये दिलं, म्हणजे आजार काही मोबाईलच्या काळातला नाही. कातडी खरवडण्याला मात्र डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, वेगळा आजार म्हणून जागा मिळाली ती थेट २०१३ ला. बऱ्याच जणांचं सुरू होतं ते वयात येताना. माझं आठवीत सुरू झालं, टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी झाली तेव्हा घरात सगळे म्हणाले चाई पडली, मग कोणी सांगेल ते तेल, कोणी सांगेल तो लेप. हात काय करतात हे कोणी विचारलंच नाही आणि मीही सांगितलं नाही, लाजच एवढी वाटायची.

आता मुद्दा. या बहुतेक प्रोग्रॅमच्या मुळाशी अझ्रिन आणि नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली हॅबिट रिव्हर्सल पद्धत आहे. त्यात आधी हात कधी, कुठे, कशाने वर जातो ते ओळखायचं आणि मग त्या क्षणी हाताला दुसरं काहीतरी द्यायचं, म्हणजे मूठ घट्ट मिटून मिनिटभर धरायची वगैरे. म्हणजे नोंद हा उपचाराचा अर्धा भाग आहे, ते प्रगतिपुस्तक नाही! आणि सगळ्यात जास्त माहिती मिळते ती वाईट दिवशीच. चांगल्या दिवसाच्या नोंदीत लिहायला असतं काय? वाईट रात्रीच्या नोंदीत असतं की जेवण उशिरा झालं, सोफ्याच्या हातावर कोपर टेकलेला होता, डावा हात मोकळा होता, सिरीयल चालू होती आणि ऑफिसचं एक काम डोक्यात फिरत होतं. मला कोपराचं असंच कळलं. कोपर टेकला की बोटं आपोआप केसात जातात, मला पत्ताही नसतो. आता मी संध्याकाळी खाली बसते, समोर मेथी नाहीतर लसूण घेऊन. हात ओले आणि कामात असले की खूप फरक पडतो.

म्हणून सलग किती दिवस ‘क्लीन’ गेले ते मोजणारं जे ॲपमध्ये असतं ते मी बंदच केलं आणि तुम्हालाही तेच सांगेन. एक केस उपटला की आकडा शून्यावर, आणि शून्य बघून माणूस अजून उपटतो.

दुसरं म्हणजे भाषा. मी बघितले ते सगळे प्रोग्रॅम इंग्रजीत, आणि रात्री दमल्यावर इंग्रजीत भावना लिहायच्या म्हणजे शिक्षाच वाटते. मी ताईला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवते, मराठीत, वेळ, जागा, कुठला हात, मनात काय होतं, बास. तिने सल्ला द्यायचा नाही, फक्त अंगठा पाठवायचा, असं आमचं ठरलंय. कोणीतरी ऐकतंय एवढ्यानेच ते चालू राहतं. आईलाही सांगितलं की "हात खाली!" असं ओरडू नकोस, नुसता खांद्याला हात लाव. तिला हे जमायला वेळ लागला पण जमलं, आणि मला त्याचं खूप खूप बरं वाटतं.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टीमचा २०२३ मधला एक अभ्यास मला फार आधार देतो. २६८ लोकांचे दोन गट केले, एका गटाने सहा आठवडे घरच्या घरी एक साधी गोष्ट शिकली, उपटायच्या किंवा खरवडायच्या ऐवजी बोटांची टोकं एकमेकांवर हलकेच घासायची, तळहातावर किंवा दंडावर अलगद बोट फिरवायचं. शिकलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांना फरक पडला, उपचाराची नुसती वाट बघणाऱ्या दुसऱ्या गटात २० टक्के. म्हणजे जवळजवळ अर्ध्यांना यातून फायदा झाला नाही, हेही तितकंच नीट वाचा. एखादं टेक्निक तुम्हाला लागू पडलं नाही तर दुसरं घ्या, पण नोंद तीच चालू ठेवा.

काही गोष्टी मात्र फोनवर सुटत नाहीत. उपटलेले केस गिळले जात असतील तर डॉक्टरांना सांगाच, पोटात त्यांचा गोळा होऊन ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते. खरवडलेल्या जागी पू झाला, सूज किंवा ताप आला तरी थांबू नका. आणि मनच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेली मानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.